दोन चमचे साखर

मी एक जुनी पातेली आहे, मित्रांनो. जाड बुडाची, लांब दांड्याची, साधारण चार कप दूध मावेल एवढी. स्वयंपाकघरात माझ्यापेक्षा मोठी भांडी पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा मिरवणारीही आहेत. कुकरला तर शिट्टी फुंकून सगळ्यांना कामाला लावायची सवयच आहे. मी मात्र आयुष्यभर एकच काम केलं. मी गरम चॉकलेट केलं. ते काम चांगलं केलं, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण ते सांगणारा माणूस आता उरलेला नाही.

माझा जन्म एका गोंगाटाच्या कारखान्यात झाला. दोन पत्र्यांच्या मध्ये तिसरा जाड पत्रा दाबून माझं बूड तयार केलं. एका कामगाराने मला उलटी करून बुडावर टकटक केली, कान लावून आवाज ऐकला आणि ‘ठीक आहे’ म्हणून बाजूला ठेवली. माझी पहिली शाबासकी तेवढीच. मग दुकानात मी एका फळीवर बसून राहिले. लोक मला उचलायचे, ‘बाप रे, केवढी जड!’ म्हणायचे आणि शेजारची पातळ, हलकी पातेली घेऊन जायचे. त्या पातळ बहिणींना दूध लागल्याचं कळायच्या आत ते करपायचं, पण हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

शेवटी एक जोडपं आलं. नवीनच लग्न झालेलं. तो कुलुपं दुरुस्त करायचा आणि किल्ल्या बनवायचा, म्हणून सगळे त्याला किल्लीवाले म्हणत. धातूचा माणूस असल्यामुळे त्याने आधी माझ्या दांड्याचे खिळे तपासले. ती लग्नाआधी एका चॉकलेटच्या दुकानात, मागच्या खोलीत, वड्या वितळवायचं काम करत असे. तिने मला नुसतं तळहातावर तोललं.

‘हीच,’ ती म्हणाली.

‘अगं, पण ही चौघांनी उचलायची पातेली आहे.’

‘तुम्ही आहात की उचलायला.’

अशी मी त्यांच्या घरी आले.

घर दोन खोल्यांचं होतं. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. तिथे भिंतभर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या लटकलेल्या असत आणि दिवसभर कानस घासल्याचा आवाज चाले. मागच्या खोलीत संसार आणि मी. रोज सकाळी अकराला कानशीचा आवाज थांबायचा, कारण त्या वेळी गरम चॉकलेट व्हायचं. अर्धा-अर्धा कप तेव्हा आणि उरलेलं माझ्याच पोटात झाकून दुपारसाठी. हा त्या घरचा नेम होता. पाहुणा असो, आजारपण असो, नेम चुकला नाही.

ती ते कसं करायची, ते मी तुम्हाला नीट सांगते. बाहेर जे गरम चॉकलेट मिळतं त्याला ती ‘रंग लावलेलं साखरेचं पाणी’ म्हणायची. ती आधी कोकोची पूड माझ्यात घालायची आणि तिच्यात जेमतेम बुडेल एवढं कोमट पाणी. गुठळ्या मोडून त्याची चकाकणारी पेस्ट होईपर्यंत चमच्याच्या पाठीने घोटायची. मग आच अगदी मंद. थोडं थोडं दूध. ते गरम झालं की कडू चॉकलेटची वडी, सुरीने बारीक किसलेली. चिमूटभर मीठ. शेवटी एक चमचा साय आणि दालचिनीचा तुकडा. आणि पुढची दहा मिनिटं ढवळणं, नुसतं ढवळणं. दूध जरा आटलं की त्याला स्वतःचाच हलका गोडवा येतो आणि दाटपणा येतो. साखर घालायची ती सर्वात शेवटी. चारही कपांना मिळून चार चमचे. पुढे ती दोनवर आली, कारण चॉकलेट चांगलं असलं की साखरेला फारसं काम उरत नाही. आच मोठी करायची नाही, हा तिचा सर्वात कडक नियम. घाई केली की चॉकलेट फाटतं.

त्या घरात एक मुलगी जन्मली. तिला सगळे बिट्टी म्हणत. बोलायला शिकण्याआधी ती माझ्या काठाला बोट लावून चाटायला शिकली. ते दिवस माझे फार सुखाचे होते. किल्लीवाले कप घेऊन पुढच्या खोलीत बसत आणि गिऱ्हाइकाला सांगत, ‘आमच्या घरचं चॉकलेट पिऊन बघा. दोनच चमचे साखर असते चार कपांत. पण दाट असं की चमचा उभा राहावा.’ गिऱ्हाईक कुलूप विसरून चॉकलेटची चौकशी करू लागे. मी आत चुलीवर बसून फुगत असे.

मग किल्लीवाल्यांना साखरेचा आजार झाला.

आधी पायाची जखम भरेना. मग डोळ्यांपुढे किल्लीचे दाते पुसट दिसू लागले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रोज दोनदा पोटात सुई टोचून घ्यायला सांगितली आणि गोड बंद केलं. किल्लीवाल्यांनी सुई मुकाट्याने मान्य केली. गोडाच्या बाबतीत मात्र ते लहान मुलाच्या वरताण निघाले.

‘अंगात एवढी साखर आहे म्हणतात,’ ते म्हणाले, ‘मग कपात अर्धा चमचा वाढली तर कोणाचं काय बिघडलं?’

‘तुमचं बिघडलं!’

‘बिनसाखरेचं पाजणार असशील तर मला पाजूच नकोस. दोन चमचे म्हणजे दोन चमचे. तेवढं एक सोडून बाकी सगळं सोडतो.’

पण बाकीचंही त्यांनी सोडलं नाही. ती बाहेर गेली की ते साखरेचा डबा शोधून बोट बुडवायचे. म्हणून तिने तो डबा माळ्यावर, जुन्या चादरींच्या मागे लपवला. कुठे ठेवला ते बिट्टीलाही सांगितलं नाही, कारण बिट्टी बापाला फितूर होती.

आणि मग तिने ती युक्ती केली.

आधी तिने भरलेल्या चमच्यांऐवजी सपाट चमचे घातले. कोणाला कळलं नाही. महिन्याभराने दीडच चमचा. मग एक. साखर जितकी कमी होई तितकं ती दूध जास्त आटवायची, साय थोडी वाढवायची, दालचिनी आधीपासून उकळायची. मी आतून सगळं बघत होते. आठ महिन्यांनी एका सकाळी तिने पाव चमचा साखर हातात घेतली, क्षणभर थांबली आणि कागदात पुन्हा बांधून ठेवली. त्या दिवसापासून माझ्यात साखरेचा कण पडला नाही.

चॉकलेट होत असताना मात्र स्वयंपाकघरात कोणी यायचं नाही, असा नवा नियम झाला. ‘बोलण्यात गुंतवू नका, दूध उतू जातं,’ ती म्हणायची.

किल्लीवाले एक घोट घेत, डोळे मिटत आणि म्हणत, ‘वा! आता कसं जमलंय! दोन चमचे साखर, पण बघ, अजिबात मिरवत नाही.’

ती पदर तोंडाला लावून हसायची. मलाही हसू यायचं. खोटं सांगत नाही, मलाही त्या युक्तीचा अभिमान होता. त्यांची तपासणी सुधारली. जखम भरली. डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली. घरात एकाचं भलं होत होतं आणि त्यासाठी एक छोटीशी गोष्ट लपवली होती, एवढंच. त्यात काही वाईट असेल असं आम्हाला दोघींनाही वाटलं नाही.

एकदा ते दोघं तपासणीहून परत आले. किल्लीवाले मोज्यांवरच स्वयंपाकघरात आले आणि बिट्टीला सांगू लागले. ‘ऐक गं. सुई घेतली आणि जेवण राहिलं तर माझी साखर एकदम खाली जाऊ शकते म्हणे. घाम सुटेल, हात थरथरतील. तेव्हा चटकन गोड द्यायचं. त्या म्हणाल्या, साखरेचं पाणी द्या. मी म्हटलं, पाणी कशाला, आमच्याकडे झाकलेलं चॉकलेट असतंच. त्यांनी विचारलं, गोड असतं ना? मी म्हटलं, दोन चमचे असतात. मग म्हणाल्या, साखरेचं पाणी जास्त चांगलं, पण काहीच नसेल तर ते द्या.’

ती आल्या आल्या मला धुवायला लागली होती. तिचा हात माझ्या आत थांबला. मला वाटलं, आता बोलेल. तिने तोंड उघडलंही.

‘काय गं?’ त्यांनी विचारलं.

‘काही नाही,’ ती म्हणाली. ‘साखरेचं पाणीच द्यायचं, लक्षात ठेव बिट्टी.’

‘अगं, पण साखर आहे कुठे तुझ्या राज्यात?’ ते हसत म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले.

तिने दुसऱ्या दिवशी डबा खाली काढायचं ठरवलं होतं. मला ठाऊक आहे, कारण दुसऱ्या दिवशी ती स्टूल घेऊन आली होती. पण स्टुलावर चढल्यावर तिला पुढच्या खोलीतून त्यांचा आवाज आला आणि ती खाली उतरली. डबा दिसला असता तर पुन्हा बोट बुडवलं गेलं असतं, पुन्हा भांडण झालं असतं. मग ते राहिलंच. मित्रांनो, घरात एखादी गोष्ट राहून जाते तेव्हा ती राहून गेली आहे, असं कोणालाच वाटत नाही.

मग एका दुपारी ती औषधांच्या दुकानात गेली होती, त्यांच्याच सुया आणायला. बिट्टी परीक्षेचा अभ्यास करत होती. किल्लीवाल्यांनी दुपारची सुई टोचून घेतली आणि ताटावर बसणार तोच एक बाई धावत आली. तिचं दार बाहेरून ओढलं गेलं होतं आणि आत तिचं तान्हं बाळ होतं. ते ताट झाकून तसेच गेले. कुलूप हट्टी निघालं. परत यायला दीड तास लागला.

आले तेव्हा सदरा घामाने भिजला होता. हातातली हत्यारांची पिशवी टेबलावर ठेवताना खाली पडली.

‘बिट्टी, साखर खाली गेली वाटतं. चॉकलेट गरम कर. पटकन.’

‘बाबा, साखरेचं पाणी...’

‘साखर शोधत बसशील तर संध्याकाळ होईल. चॉकलेट आण, त्यात आहे की.’

बिट्टीने मला आचेवर ठेवलं. पण तिने आच मोठी केली नाही. आईने शिकवलं होतं ना, घाई केली की फाटतं. ती माझ्यात चमचा फिरवत होती आणि घड्याळाकडे बघत होती. मी चार मिनिटांत तापले. मी एवढी जाड का, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

ते कपभर प्यायले. ‘आता येईल बरं,’ म्हणाले. दहा मिनिटं गेली.

‘बाबा, डॉक्टरीणबाईंना फोन करू?’

‘अगं, चढू तर दे. अजून अर्धा कप दे.’

तिने दिलं. त्यांना ते पिववेना. थोडं हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. मग ते बिट्टीला कोणत्या तरी वेगळ्याच नावाने हाक मारू लागले. मग खुर्चीवरून खाली घसरले. बिट्टीने फोन केला, शेजाऱ्यांना ओरडून बोलावलं, सगळं केलं. गाडी येऊन त्यांना घेऊन गेली. मी विझलेल्या शेगडीवर तशीच राहिले, तळाशी अर्धा कप चॉकलेट घेऊन. दाट, सुगंधी, उत्तम चॉकलेट. त्यात जे हवं होतं तेवढंच नव्हतं.

इस्पितळात ते नऊ दिवस होते. शुद्धीवर आले नाहीत. दहाव्या दिवशी त्या दोघी परत आल्या, दोघीच.

यानंतरचे चार महिने मला सांगावेसे वाटत नाहीत, पण गोष्ट अर्धी सांगणं बरं नाही. बिट्टीने परीक्षा दिली नाही. तिने जेवणं जवळजवळ सोडलं. गॅसच्या बटणाला ती हात लावेना. स्वयंपाकघरात यायची, चुलीसमोर उभी राहायची आणि आईला एकच विचारायची.

‘आई, मी आच मोठी केली असती तर?’

‘तसं नसतं गं, बिट्टी.’

‘चार मिनिटं लागली मला. मोठी केली असती तर दोनच लागली असती. दोन मिनिटं आधी प्यायले असते.’

‘तुझं काही चुकलं नाही.’

‘मग कोणाचं चुकलं?’

आणि आई फडकं उचले. भांडी पुसत राही. पुसलेलं भांडं पुन्हा पुसे. मी मांडणीवरून बघत असे आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई. सांग ना, बाई! तिला सांग! नवरा गेला तो गेला, पोरगी डोळ्यांदेखत झिजते आहे. तिच्या मनगटाची हाडं दिसू लागली आहेत. तुझ्या एका वाक्याने तिची सुटका होईल. पण त्या वाक्याने आपली काय गत होईल, हे तिला कळत होतं. मला तिचा राग येत होता आणि तिची दयाही येत होती. नवऱ्याला जपता जपता तिने काय करून ठेवलं, हे उच्चारायला जीभ उचलत नसणार.

एके दिवशी सकाळी बिट्टी चुलीपुढे उभी राहिली आणि आईचा हात धरायला गेली, तर तिला भोवळ आली. ती माझ्या मांडणीला धरून खाली बसली. आईने तिला पाणी पाजलं. बराच वेळ ती लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग तिने मला खाली काढलं.

‘ऊठ, बिट्टी,’ ती म्हणाली. ‘आज तुला चॉकलेट शिकवते.’

‘मला नको.’

‘प्यायचं नाही. नुसतं बघ.’

चॉकलेट होत असताना तीन वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघरात दुसरं माणूस होतं. आईने कोको घातला, कोमट पाणी घातलं, पेस्ट घोटली. प्रत्येक गोष्ट ती मोठ्याने सांगत होती, शाळेतल्या बाईंसारखी. हे इतकं घ्यायचं. हे आता घालायचं. इथे आच मंद ठेवायची. बिट्टी भिंतीला टेकून बघत होती. दूध पडलं. वडीचा कीस पडला. मीठ, साय, दालचिनी. आई दहा मिनिटं ढवळत राहिली आणि मी वाट बघत राहिले.

‘झालं,’ आई म्हणाली.

‘साखर राहिली,’ बिट्टी म्हणाली.

‘नाही राहिली.’

‘दोन चमचे घालायची ना शेवटी?’

‘साखर नसते त्यात, बिट्टी. तीन वर्षं नाही. एक कणसुद्धा नाही.’

बिट्टीला आधी समजलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती, मग आईकडे.

‘बाबांना माहीत होतं?’

‘नाही.’

‘त्या दिवशी...’

‘त्या दिवशीही नव्हती. तू दोन मिनिटांत दिलं असतंस, एका मिनिटात दिलं असतंस, तरी तेच झालं असतं. तुझा काही संबंध नाही. हे मी केलं. त्यांनी डॉक्टरीणबाईंना दोन चमचे सांगितलं तेव्हा मी तिथेच बसले होते. तेव्हाही बोलले नाही.’

‘तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं?’

‘हो.’

‘मी रोज विचारत होते, आई.’

‘हो.’

‘रोज विचारत होते मी!’

आईच्या हातातला चमचा केव्हाच थांबला होता. ढवळणारं कोणी नसलं की जाड बूडही किती वेळ तग धरणार? आधी तळाला चिकटलं, मग करपू लागलं, मग धूर आला. मी माझ्या परीने जितकं सोसायचं तितकं सोसलं. दोघी समोरासमोर उभ्या होत्या आणि कोणीही हात पुढे करत नव्हतं. शेवटी बिट्टी पुढे झाली आणि तिने गॅस बंद केला. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने त्या बटणाला हात लावला. मग ती पुढच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी बिट्टी पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशीही जेवली. आता ती पुस्तकं काढून बसते, पुढच्या वर्षी परीक्षा देणार आहे. आईशी मात्र ती बोलत नाही. ताट स्वतः वाढून घेते, स्वतः धुते आणि निघून जाते. आई रोज अकराला मला घेऊन बसते आणि माझ्या तळाचा काळा डाग घासते. राखेने घासून झालं, लिंबाने झालं, तारेच्या घासणीने झालं. माझ्यात आता दूध तापवता येणार नाही, त्याला करपल्याचा वास येतो.

काल बिट्टी पाणी प्यायला आली आणि दारात थांबली.

‘निघणार नाही तो,’ ती म्हणाली.

‘माहीत आहे,’ आई म्हणाली आणि घासत राहिली.

बस, एवढंच बोलणं. तीन महिन्यांतलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या भांड्याने शेवटी म्हणायचं असतं की आम्हाला नीट घासा, आपटू नका, अडगळीत टाकू नका. ते तुम्ही कराल तर उपकार होतील. पण माझी विनंती वेगळी आहे. घरात आजारी माणूस असेल तर साखरेचा डबा सगळ्यांना माहीत असेल अशा जागी ठेवा. आणि कोणाच्या भल्यासाठी त्याच्यापासून काही लपवलं असेल, तर आजच, जेवायला बसायच्या आधी, त्याला सांगून टाका. तो चिडेल, कप आपटेल, चार दिवस तोंड फिरवून बसेल. बसू दे. चिडायला तो घरात तर असेल.